दुसरा पावसाळा कुठे गेला?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ओळखालच. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या आणखी कोणाला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते आपलंच समजावं.

मी तुमच्याकडे १९ वर्षं टेस्ट ड्रायव्हर होतो. पहिली सात वर्षं ठेकेदाराच्या पटावर, पुढची बारा तुमच्या. काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवलेली, मागच्या सीटवर वाळूची पोती पट्टा लावून बसवलेली गाडी रात्री-अपरात्री घाटातून खालीवर करताना तुम्ही पाहिली असेल. तिच्या मागे मोबाइल काढून पोरं लागतात. त्या गाडीत बसलेला माणूस मी. मार्चमध्ये निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याबद्दल मनापासून आभार.

पत्र लिहायचं कारण परवा घडलं. जुना सहकारी घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, पुढच्या मॉडेलच्या वेळापत्रकातून 'दुसरा पावसाळा' ही ओळच काढून टाकली. आराखड्यापासून शोरूमपर्यंत ३६ महिने लागायचे, आता २६ महिन्यांत गाडी आणायची आहे. कारण विचारलं तर वरून उत्तर आलं की चिनी कंपन्या दोन वर्षांत नवी गाडी काढतात, आपण तीन वर्षं लावली तर बाजार संपलेला असेल.

बाजाराचं मला कळत नाही. पावसाळ्याचं थोडं कळतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही अशा वाचकांसाठी सांगतो. नव्या गाडीचे दोन जन्म असतात. पहिल्या जन्मातल्या गाड्या जवळजवळ हाताने घडवलेल्या. पत्रा लेझरने कापून, ठोकून आकाराला आणलेला. प्लास्टिकचे आणि रबराचे भाग तात्पुरत्या साच्यांतले. याला आम्ही 'सॉफ्ट टूल' म्हणतो. एकेका गाडीला चार चार इंजिनिअर मुंजीतल्या बटूसारखे जपतात. दुसऱ्या जन्मातल्या गाड्या 'ऑफ-टूल'. म्हणजे ज्या डायवर, पक्क्या साच्यावर, पुढे लाखो भाग निघणार, त्याच डायवरचे. ज्या व्हेंडरकडून कायम माल येणार, त्याच्याच मशिनवरचे. आणि रात्रपाळीत डुलक्या काढणाऱ्या माणसानेच बसवलेले. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक सांगता येणार नाही. चालवल्या की कळतो. म्हणून आमच्याकडे रीत होती: एक पावसाळा सॉफ्ट टूल गाड्यांवर आणि दुसरा ऑफ-टूल गाड्यांवर. ही रीत कुठल्याही सरकारी नियमात नाही. आमच्या आधीच्या लोकांनी पोळून घेऊन ती घातलेली होती.

गेल्या वेळच्या गाडीचं काय झालं ते सांगतो. त्यातलं तांत्रिक गुपित एकही उघड करत नाही, कारण जे सांगतोय ते आज त्या गाडीचा कुठलाही मालक टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाकला तर त्याला दिसेल.

पहिला पावसाळा छान गेला. ताम्हिणी, वरंध, आंबोली, खाली कोकणात रत्नागिरीपर्यंत. मुंबई-गोवा महामार्गाचं काम रखडलं म्हणून सगळे शिव्या देतात. आम्ही मात्र त्याचे उपकार मानायचो, इतके नमुनेदार खड्डे ट्रॅकवर पैसे देऊनही मिळत नाहीत. गाडीत पाण्याचा थेंब आला नाही. मग दुसऱ्या वर्षी ऑफ-टूल गाड्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळायच्या होत्या. डाय तयार व्हायला उशीर झाला, दोन व्हेंडर बदलले, आणि पहिली ऑफ-टूल गाडी आमच्या हातात आली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. दसऱ्याला गाडी बाजारात आणायची तारीख मात्र हलली नाही. आराखड्याला उशीर झाला, टूलिंगला उशीर झाला, खरेदी खात्याला उशीर झाला, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटच्या पंगतीला आम्ही बसलो. पानात उरले होते तीन आठवडे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली रात्र. दोन वाजून गेलेले. मुळशीकडून ताम्हिणी उतरून विळ्याकडे निघालो होतो. चार तास पाऊस खंड न पडता कोसळत होता. शेजारी नोंदी घेणारा पोरगा पेंगत होता. एका उजव्या वळणात डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग दगड झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हल्लीच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत स्टिअरिंग फिरवायला विजेची मोटर मदत करते. ती मोटर सुटली तर चाक फिरतं, पण सगळी ताकद तुमची. मी ३० च्या वेगात होतो, दंडात १९ वर्षांची सवय होती, म्हणून गाडी वळली. कडेला घेतली, चावी काढली. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केली तर दिवा नाही, काही नाही. गाडी अगदी गुणी बाळासारखी.

वर्कशॉपला नेली. गाडीच्या संगणकाच्या मेमरीत संपर्क तुटल्याचा कोड सापडला. चाळीस मिनिटं पाण्याचा फवारा मारला, काही झालं नाही. अहवालात लिहिलं गेलं: 'एकदाच आढळले. पुनरावृत्ती नाही. निरीक्षणाखाली ठेवावे.' ऑक्टोबर लागला. आभाळ कोरडं. निरीक्षण कशाचं करणार?

पुढे बैठकीच्या तक्त्यात तो मुद्दा लालचा पिवळा झाला आणि पुढच्या गुरुवारी पिवळ्याचा हिरवा. त्या बैठकीला मी नव्हतो. ड्रायव्हरला तिथे बोलावत नाहीत. मला फोनवर एवढंच विचारलं, "परत झालं का?" मी म्हणालो, "पाऊसच परत झाला नाही, साहेब." पलीकडे कुणीतरी हसलं. बहुधा मी विनोद केला असं वाटलं असावं.

आता माझा स्वतःचा भाग. माझा मेहुणा माणगावला शिक्षक आहे. त्याची मुलगी पुण्यात शिकते, त्यामुळे दर शनिवारी ताम्हिणी ठरलेली. त्याने गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्थातच मला विचारलं, "दाजी, तुमची नवी घेऊ का?" गोपनीयतेच्या कागदावर माझी सही होती. मी एवढंच म्हणालो, "एक पावसाळा थांब." तो म्हणाला, "दाजी, तुम्ही दर वेळी हेच म्हणता." खरं होतं, मी प्रत्येक नव्या गाडीबद्दल सगळ्यांना हेच सांगत आलो होतो. दसऱ्याला गाडी दारात आली. झेंडूचा हार, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू. माझ्या बायकोने ओवाळलं. मी पेढा खाल्ला.

जुलैत त्याच घाटात, त्याच दिशेने उतरताना त्याला तो दिवा लागला. दिवसा लागला, समोरून काही येत नव्हतं, त्याने गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. मागे मुलगी होती. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडी पाण्यात घातली असणार, वॉरंटीत बसत नाही. ३८ हजारांचं बिल झालं. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, "दाजी, तुम्हाला ठाऊक होतं का?" विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्याच्या अंगणात गाडीखाली नाही, गाडीत शिरलो. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत झाडाची पानं साचली होती आणि पाणी जायची भोकं बुजली होती. साचलेलं पाणी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरी आत येतात तिथल्या रबरी बुचाकडे, ग्रॉमेटकडे, जात होतं. सॉफ्ट टूल गाडीत त्या ग्रॉमेटची ओठासारखी कड मऊ होती, पत्र्याला चिकटून बसायची. ऑफ-टूल रबर जरा ताठ, एका बाजूने केसभर उचललेलं. गाडी सपाटीवर असेल तर पाणी तिथवर चढत नाही. नाक खाली करून तास-दोन तास घाट उतरा, मग वायरीवरून ओघळत थेंब थेंब स्टिअरिंगच्या कनेक्टरवर. पिनांवर हिरवा गंज चढलेला होता. कारखान्यातल्या लाइनवरच्या फवाऱ्याच्या चाचणीत हे कधीच सापडणार नाही, कारण तिथे गाडी सपाट असते, जाळी कोरी असते आणि काही मिनिटांत पुढची गाडी आत घ्यायची असते.

केसभर रबर. एक अख्खा पावसाळा ऑफ-टूल गाड्यांना मिळाला असता तर जूनमध्येच सापडलं असतं आणि बुचाचा साचा घासून दुरुस्त करायला फार पैसेही लागले नसते.

आता तक्रारी. यातल्या काही त्या एका गाडीच्या आहेत, काही १९ वर्षांच्या.

पहिली, तारखेबद्दल. तारीख आधी जाहीर होते, चाचण्या नंतर तिच्यात बसवल्या जातात. मला लाइनची किंमत कळत नाही असं समजू नका. माझा धाकटा भाऊ चाकणलाच एका व्हेंडरकडे प्रेसवर आहे. त्याच्या मालकाने तुमच्या डायसाठी कर्ज काढलेलं. गाडी दोन महिने लांबली असती तर हप्ता थांबला नसता आणि ठेक्यावरच्या पोरांना "उद्यापासून येऊ नका" असा निरोप गेला असता. डीलरने जागा भाड्याने घेतलेली, दसरा-दिवाळीची बुकिंग घेतलेली. ही माणसंही खरीच आहेत. डेडलाइन म्हणजे काही पाप नाही. माझं म्हणणं इतकंच की उशीर ज्याने केला त्याच्या वाट्याचे दिवस कापा. टूलिंगला अकरा-बारा आठवडे जास्त लागले, तर ते आठवडे माझ्या पावसाळ्यातून का गेले? आणि भावाच्या मालकाचंच विचाराल, तर परत बोलावलेल्या गाड्यांचा खर्चही पुढे त्याच्याच बिलातून वळता होतो.

दुसरी, किलोमीटरच्या गणिताबद्दल. दोन पाळ्यांत एक गाडी दिवसाला साधारण ६०० किलोमीटर जाते. लाख किलोमीटरला १६७ दिवस लागतात, तेही गाडी एकही दिवस न थांबता. कोणीतरी हुशारी लढवली: तीन गाड्या सोडा, प्रत्येकी ३३ हजार, दोन महिन्यांच्या आत लाख पूर्ण. कागदावर बेरीज बरोबर आहे. पण सस्पेन्शनचं बुश ७० हजारांना सैल होत असेल, वेल्डला ८० हजारांना चीर जात असेल, तर ३३ हजार चाललेल्या तीन काय, तीस गाड्यांतही ती दिसणार नाही. तीन तिसरीतली पोरं मिळून एक नववीतला होत नाही. ट्रॅकवर खडबडीत दगडी रस्ता, नालीदार पट्टा, खड्डे असतात; तिथला एक किलोमीटर बाहेरच्या कित्येक किलोमीटरांइतका गाडीला कुटतो, हे मान्य. वेगाच्या चाचणीला मध्य प्रदेशात पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झालाय, आपल्याकडे अहिल्यानगरला व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. त्यांच्याशिवाय भागत नाही. पण तिथे पत्रा आणि वेल्ड लवकर म्हातारे करता येतात. रबर, गंज, पानांनी बुजलेली भोकं यांना कॅलेंडरच लागतं.

तिसरी तक्रार बदलांची. चाचणीत ब्रॅकेट फुटलं, तर नवं ब्रॅकेट येतं. पूर्वी त्याला पहिल्यापासून किलोमीटर घालावे लागायचे. अलीकडे ते संगणकात पास झालं की शिक्का बसतो. सिम्युलेशनला माझा विरोध नाही, त्यामुळे आमचे कितीतरी फुकटचे फेरे वाचले. पण संगणकाला जे विचारलं तेवढंच तो सांगतो. त्या ग्रॉमेटबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

चौथी, ड्रायव्हरच्या शब्दाबद्दल. आम्हाला 'फीडबॅक' द्यायला सांगतात आणि यंत्रात न सापडलेला फीडबॅक 'ड्रायव्हरचा भास' म्हणून मिटवतात. ज्याने दोष नोंदवला त्याला न विचारता दोष बंद होतो. माझी नोंदवही कंपनीची होती, ती मी जाताना जमा केली. पानावर तारीख, वेळ, जागा, वेग, पावसाचा अंदाज, सगळं आहे. वाचली असेल तर उत्तमच.

पाचवी, पाळ्यांची. तारीख जवळ आली की आठ तासांची पाळी बारा तासांची होते. दोन ड्रायव्हर सुट्टीवर गेले की तिसऱ्याला "एवढी फेरी मार" म्हणतात. घाटात, भरल्या वजनाची गाडी, ब्रेक तापवून बघायचे आहेत, आणि चालवणारा झोपेला आलेला. माझा एक सहकारी खंबाटकीत कठड्याला धडकला. पाय वाचला, नोकरी गेली. ठेक्यावर होता. याहून जास्त लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही.

सरकारची मंजुरी होती ना, असं तुमच्यातर्फे कोणीतरी म्हणेलच. होती. गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, कोथरूडच्या टेकडीवर. तिथल्या लोकांबद्दल मला आदर आहे. ब्रेक किती अंतरात लागतात, हॉर्न किती मोठा, दिवे कसे, धडकेत काय होतं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तपासलं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं आणि पुढे त्याचे तारेही मिळू लागले. गाडी धडकली तर आतल्या माणसाचं काय होईल, हे तारे सांगतात. पावसात दोन तास घाट उतरल्यावर स्टिअरिंगचं काय होईल, हे त्यात नाही. गंमत अशी की धुराच्या यंत्रणेच्या टिकाऊपणासाठी बीएस-६ मध्ये १,६०,००० किलोमीटरचा हिशेब धरलेला आहे. आणि धुराच्याच बाबतीत प्रयोगशाळेवर विसंबून भागत नाही हे लक्षात आल्यावर १ एप्रिल २०२३ पासून गाडीला यंत्र लावून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजायला लागले. म्हणजे रस्त्याचं महत्त्व सरकारला पटलं, ते सायलेन्सरपुरतं. बाकी गाडी किती चालवून बघायची, हे तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेलं आहे. म्हणूनच पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आणि घाईत चुका फक्त आपल्याच होतात असंही नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी नवी कोरी मर्सिडीज ए-क्लास अचानक अडथळा चुकवल्यासारखी डावी-उजवी वळवली आणि गाडी उलटली. एवढी नावाजलेली कंपनी. आधी त्यांनीही काखा वर केल्या. मग गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि गाडी सावरणारी ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली. घरचं उदाहरण टाटांच्या इंडिकाचं. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात जन्मलेली ती गाडी बाजारात आली, लोकांनी उड्या टाकल्या, आणि पहिल्या गाड्यांबद्दल भरपूर तक्रारीही आल्या. २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आली आणि पुढे नाव कमावलं ते तिने. पिंपरीतले जुने लोक तो काळ अजून सांगतात. पण पहिल्या वर्षीच्या मालकांनी स्वतःचे पैसे भरून जी रोड टेस्ट करून दिली, तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

मागण्या थोड्या आहेत.

ऑफ-टूल गाड्यांवर एक पूर्ण पावसाळा, जून ते सप्टेंबर, चालवल्याशिवाय विक्री सुरू करू नका. उत्पादन सुरू करायला माझी हरकत नाही. डाय ऑगस्टला आली तर शोरूमची तारीख पुढच्या वर्षी न्या. ते अगदीच परवडत नसेल तर पहिल्या हजार-दोन हजार गाड्या कमी पावसाच्या भागात द्या, त्या मालकांना स्पष्ट सांगून द्या, आणि तोवर आमच्या गाड्या घाटात चालू ठेवा. हा मधला रस्ता मी निवृत्तीआधी सुचवला होता. उत्तर आलं नाही.

किमान दोन गाड्या, एकट्या-एकट्याने, पूर्ण लाख किलोमीटर. बेरीज नको.

ज्याने दोष नोंदवला त्याच्या सहीशिवाय तो बंद होऊ नये. 'पुनरावृत्ती नाही' हा शेरा मारायचा असेल तर पुनरावृत्तीसाठी काय काय केलं तेही खाली लिहा. पाऊस नसताना पावसाचा दोष शोधला असेल तर तसंच लिहा.

लाँच थांबवायचा अधिकार एका माणसाला द्या, आणि त्या माणसाचा बोनस लाँचच्या तारखेवर अवलंबून नसू द्या. आज चाचणी विभाग ज्या साहेबांच्या हाताखाली आहे त्याच साहेबांना गाडी वेळेत आणल्याचं बक्षीस मिळतं. माणूस वाईट नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पिवळ्याचा हिरवा केला असता कदाचित.

आठ तासांच्या वर पाळी नको, रात्रीच्या घाटाला तर नाहीच. ठेक्यावरच्या ड्रायव्हरचा विमा कंपनीने उतरवावा.

आणि शेवटची, सगळ्यांत तातडीची. आज रस्त्यावर असलेल्या त्या गाड्या परत बोलवा. जाळी साफ करा, ग्रॉमेट बदला, कनेक्टर तपासा. एका गाडीला तासाभराचं काम आहे. ज्यांच्याकडून बिलं घेतली त्यांना पैसे परत द्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. दोष कंपनीच्या लक्षात आला तर तो केंद्र सरकारला कळवून गाड्या परत बोलवायच्या, असं त्यात लिहिलेलं आहे, आणि स्वतःहून कळवलं तर त्या कलमाखालचा दंडही नाही. तुमच्या कायदा विभागाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. 'लक्षात आला नव्हता' असं म्हणायची सोय मात्र राहिलेली नाही. सप्टेंबरच्या त्या रात्रीचं पान तुमच्याच कपाटात आहे.

मी गोपनीयतेची सही मोडली असं वाटत असेल तर नोटीस पाठवा, पत्ता तुमच्याकडे आहे. त्याआधी एक विनंती. यंदा पाऊस चांगला लागलाय. मेहुण्याची गाडी सध्या माझ्याच दारात उभी आहे. कनेक्टर नवा घातलाय, ग्रॉमेट तेच जुनं आहे, आणि जाळीतली पानं मी काढलेली नाहीत. तुमच्यापैकी कोणी एकाने एखाद्या रात्री पुण्याहून निघून माझ्या शेजारी बसावं. गाडी मी चालवेन. मुळशीला चहा घेऊ आणि ताम्हिणी उतरू.

कळावे,

आपला,
एक निवृत्त टेस्ट ड्रायव्हर
ता. खेड, जि. पुणे